मनांग तेओचे रविवार

"पाय मोडलेत का?" मनांग तेओनं विचारलं.

झुल्यात पडलेल्या नोंग एल्पिदिओनं डोळे उघडले, आम्हाला ओळखलं आणि परत मिटून घेतले. सत्तेचाळीस वर्षांचा जीपनी ड्रायव्हर; जीपनी म्हणजे आमच्याकडची प्रवासी जीप. तिसऱ्या वर्षाला होता आणि सलग तीन शनिवार वर्गात आला नव्हता.

"नाही मोडले," तो डोळे न उघडताच म्हणाला.

"मग डोकं? पण ते बिघडायला आधी वापरावं लागतं."

दारात तांदूळ निवडत बसलेली त्याची बायको हसली. नोंग एल्पिदिओ उठून बसला.

"माझं वय झालं, मनांग. वर्गातली पोरं विशीची. परवा मास्तरच मला सर म्हणाला. सगळी हसली."

"त्याला वाटलं असेल, नळ दुरुस्त करायला कुणीतरी आलंय. चांगल्या घरचा दिसतो, कामगारालाही सर म्हणतो. हे बघ, शिकून तू सुधारशील अशी माझी काही समजूत नाही. पण ही बाई तीन वर्षं गल्लीत सांगत फिरतेय की आमचे हे कॉलेजात जातात. तिला खोटं पाडायचं असेल तर खुशाल झोप. चल गं इंदाय," ती मला म्हणाली, "याचं झालं."

आम्ही निघालो. पुढच्या शनिवारी नोंग एल्पिदिओ दाढी करून पहिल्या बाकावर बसला होता.

मनांग तेओचं पूर्ण नाव तेओफिस्ता सुमागायसाय. आमच्या इलोइलो शहराच्या बाजारात तिचा सुक्या मासळीचा गाळा होता. वय चौपन्न. ती प्राथमिक शिक्षिकेची पदवी घेत होती. या वयात तिला कुठलीही शाळा घेणार नाही, हे कॉलेजला माहीत होतं, बाजाराला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला मास्तरीण नाही व्हायचं. नातवाच्या मास्तरणीच्या चुका काढायच्यात."

थोरल्या भावाला नोंग म्हणतात आणि थोरल्या बहिणीला मनांग, तसं तिला आम्ही सगळेच मनांग म्हणायचो. आम्ही म्हणजे शनिवार-रविवारच्या वर्गांना येणारी मोठी माणसं. मी मॉलच्या दारात उभी राहून येणाऱ्यांच्या पिशव्यांत काठी घालून बघणारी रक्षक. कुणी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, कुणी बेकरीत. आमचं मंडळ मनांगनंच सुरू केलं, पण मंडळ काढावं म्हणून नाही. पहिल्या वर्षी चौघं होतो. तीन शनिवार जो दिसणार नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात जायचं, चुकलेल्या तासांची टिपणं द्यायची, आणि ज्यांना मुलं ठेवायला कुणी नाही त्यांची मुलं व्हरांड्यात पाळीपाळीनं सांभाळायची. बाकी काही नाही. कॉलेजनं बसायला एक खोली दिली तेव्हा फॉर्मवर मंडळाचं नाव लिहावं लागलं. मनांगनं लिहिलं, 'म्हाताऱ्यांचं मंडळ'. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

तिला आमच्याबद्दल प्रेम होतं असं कुणी म्हणालं तर मी हसेन. आमची रडगाणी तिला सहन होत नसत. वय झालं, वेळ नाही, सासू आजारी, इंग्रजी जमत नाही, असलं काही ऐकलं की तिच्या चेहऱ्यावर नासक्या मासळीचा वास आल्यासारखा भाव यायचा. पण ती सगळ्यांना एकाच मापानं तुच्छ लेखायची, त्यामुळे कुणाला फार लागायचं नाही. उलट तिनं येऊन चार शब्द सुनावले की माणूस उठायचा. तीन वर्षांत आम्ही त्रेचाळीस झालो.

त्रेचाळीस हा आकडा मॅम ग्लेंडाच्या कानावर गेला.

मॅम ग्लेंडा नगरसेवकाची बायको. वरच्या पदवीच्या वर्गाला महिन्यातून एकदा, गाडीतून यायची. तिनं आमच्या खोलीत येऊन भिंती पाहिल्या, आम्हाला पाहिलं आणि म्हणाली, "केवढं सुंदर काम. हे वाढायला हवं." दोन आठवड्यांत कॉलेजच्या फाटकावर तिच्या चेहऱ्याचा फलक लागला. चेहरा दारापेक्षा मोठा होता. आमच्या मंडळाचं नवं, लांबलचक इंग्रजी नाव तिच्या कोपराखाली बारीक अक्षरांत होतं.

मग मंडळ वाढलं. पंचविशीच्या वरच्या कुणीही प्रवेश घेतला की फॉर्मबरोबर आपोआप सभासद. सहा गावांतल्या सहा शाखा. पिवळे शर्ट. हात वर करून शपथ. कसली घेतली ते मला आजही सांगता येणार नाही. स्वागत समिती, शिस्त समिती, आणि घरभेट समितीसुद्धा. भेटीला जाण्याआधी अर्ज भरायचा, त्यावर दोन सह्या घ्यायच्या. सह्या होईस्तोवर ज्याच्याकडे जायचं तो कॉलेज सोडून सौदीला जाऊन परत आला असता.

"सहाशे बारा सभासद," मॅम ग्लेंडानं पहिल्या सभेत सांगितलं आणि टाळ्यांसाठी थांबली. पिवळ्या शर्टांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मला शाखेची सहसचिव केलं होतं.

"त्यातल्या बारांची घरं दाखवता येतील का?" मनांगनं मागून विचारलं.

"त्यासाठी यादी आहे, मनांग."

"यादी जाते का घरी?"

मॅम ग्लेंडा गोड हसली. तिला ते फार चांगलं जमायचं.

त्याच सप्टेंबरात मारिविक दिसेनाशी झाली. बेकरीत पाव भाजणारी, एकोणतीस वर्षांची, दोन मुलांची आई, माझ्याच वर्गातली. तीन शनिवार गेले. मनांगनं अर्ज वगैरे काही भरला नाही. मला घेऊन सरळ तिच्या घरी गेली.

मारिविकनं दार अर्धंच उघडलं. डोक्यावरून टॉवेल घेतला होता.

"ताप आहे?" मनांगनं विचारलं.

"नाही."

"मुलं आजारी?"

"नाही, मनांग. घरातच काम असतं."

"काम." मनांगनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. "नवरा आणून घालतोय, पंखा फिरतोय, टीव्ही चालू आहे. भारी काम आहे. तुझ्यासारख्या बायकांना नवरा हीच पदवी. मग आमची एक जागा कशाला अडवलीस? दुसरी कुणी बसली असती."

"हो, मनांग," मारिविक म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

परत येताना मनांग म्हणाली, "येईल शनिवारी. माणूस रागावला की येतो."

दार लावताना मारिविकचा उजवा हात क्षणभर दिसला होता. मनगट निळं पडून सुजलं होतं आणि बोटं मिटत नव्हती. मला ते दिसलं, आणि कशानं झालं असेल तेही कळलं. पण दुसऱ्याच्या संसारात कोण पडणार, असं मनाशी म्हणून मी जीपनीला हात केला.

शनिवारी मारिविक आली नाही. त्या आठवड्यात ती मुलांना घेऊन लांबुनाओला आईकडे निघून गेली. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. तिच्या बहिणीनं मॅम ग्लेंडाला पत्र लिहिलं. मनांग दारात काय काय बोलली तेही त्यात होतं.

ते पत्र मॅम ग्लेंडानं भरसभेत माईकवरून वाचलं. दोनदा थांबून रुमाल डोळ्यांना लावला. मारिविकच्या अंगावर कुठं कुठं वळ होते, ते तिनं सहा शाखांच्या लोकांना मोठ्यानं ऐकवलं. तेव्हा कुणालाच त्यात काही गैर वाटलं नाही. मग ती म्हणाली की आपलं मंडळ आता मोठं झालंय, आपली भाषाही मोठी व्हायला हवी. मनांग तेओफिस्ता यांनी प्रशिक्षण घेईपर्यंत घरभेटींपासून दूर राहावं, असा ठराव तिनं मांडला.

मनांग उभी राहिली. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला, पुसून काढल्यासारखा.

"पत्र खरं आहे," ती म्हणाली. "ठराव कशाला? मी नाही जात."

"पण रीतसर व्हायला हवं," मॅम ग्लेंडा म्हणाली. फोटोवाला पुढं आला. हात वर झाले. नोंग एल्पिदिओ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला. माझा हात वर होता. त्या फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, पिवळ्या शर्टात, स्पष्ट दिसते.

त्यानंतर मनांग वर्गाला यायची, कुणाशी बोलायची नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र माझ्या बाकाशी थांबायची.

"तुझी वही दे. सोमवारी आणून देते."

ती टिपणं तिच्या वर्षाची नव्हती. मला वाटलं, बाईचा आत्मविश्वास गेला, आता मागचं सगळं पहिल्यापासून घोकणार. सोमवारी मॉलच्या दारात ती वही परत द्यायची. वहीला मासळीचा वास यायचा आणि मला सहकाऱ्यांसमोर लाज वाटायची.

नोव्हेंबरात सूचनाफलकावर नावं कमी केलेल्यांची यादी लागली. संख्याशास्त्र, रविवार सकाळ, मर्यादेपेक्षा जास्त गैरहजेरी : सुमागायसाय, ते. या विषयात ती आधीच दोनदा नापास झाली होती. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. जगाला आळशी म्हणत फिरणारी बाई स्वतःच घरी बसली.

मी मुद्दाम बाजारात गेले.

"मनांग, यादी पाहिलीस?"

ती लहान-मोठी मासळी वेगळी करत होती. "पाहिली."

"रविवारी यायचं जमलं नाही?"

"रविवारी काम असतं."

मारिविक म्हणाली होती तसंच. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी हसू दाबत परत आले.

जानेवारीत नवं सत्र सुरू झालं आणि मारिविक वर्गात आली. मनगट वाकडं जुळलं होतं. आता ती मुलांसह आईकडेच राहत होती आणि दोन तास जीपनीनं येत होती. डॉक्टरचा दाखला पाहून कॉलेजनं तिची मागच्या सत्राची परीक्षा उशिरा घेतली आणि ती पास झाली. मी विचारलं, अभ्यास कसा केलास?

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुझ्या वहीवरून. तुला सांगितलं नाही मनांगनं?"

"मनांग आली होती? लांबुनाओला?"

"दर रविवारी. पहिल्यांदा आली तेव्हा मी बाहेरच आले नाही. आई म्हणाली, घरी नाही. ती पायरीवर बसली, वहीतलं तिच्या कागदांवर उतरवून काढलं, कागद ठेवले आणि गेली. तीन रविवार असंच. मी आतून बघायचे. भर उन्हात बसायची."

"मग?"

"चौथ्यांदा मी बाहेर आले. म्हणाली, त्या दिवशी मी बघितलं नाही, बघायला हवं होतं. एवढंच. मग मला लिहायला सांगितलं. मी डाव्या हातानं लिहिलं. ते पाहून म्हणाली, असलं अक्षर काढण्यापेक्षा निरक्षर राहिलेलं बरं. मग मी तोंडी उत्तरं सांगायचे, ती लिहून तपासायची. डीनच्या दारात दाखला घेऊन तीच बसली होती, तीन दिवस."

त्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी बाजारात गेले. गाळ्यासमोर उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण तोंडून वेगळंच निघालं.

"मनांग, मला तिचा हात दिसला होता. त्या दिवशी, दारात."

तिनं मान वर केली नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "दिवसभर लोकांच्या पिशव्या तपासतेस. तुला दिसलं नाही, असं कसं होईल?"

"मग सभेत माझ्याबद्दल का नाही बोललीस?"

"तिला बोलले ती मीच ना? तू कुठं काय बोलली होतीस?" तिनं मासळीचा वाटा कागदात बांधला. "बाजूला हो. गिऱ्हाईक उभं आहे."

इतकी वर्षं तिनं मला नाही नाही ते ऐकवलं होतं. त्यातलं एकही असं लागलं नव्हतं.

मार्चमध्ये आमच्या मंडळाला प्रांताचं बक्षीस मिळालं. मॅम ग्लेंडानं ते घेतलं. मे महिन्याच्या निवडणुकीत तिचा नवरा पडला आणि जूनपर्यंत ती यायची थांबली. फाटकावरचा फलक कुणीतरी डुकरांच्या गोठ्यावर छप्पर म्हणून नेला. सहाशे बारा सभासद कुठं गेले ते विचारू नका, ते कधी आलेच नव्हते. आमच्या खोलीत न वाटलेल्या पिवळ्या शर्टांचे खोके छतापर्यंत रचलेले होते. नोंग एल्पिदिओनं आणि मी ते बाहेर काढले. त्रेचाळीसांपैकी सतरा उरले होते.

घरभेटींना आता मारिविक जाते. ती कुणाला टोचून बोलत नाही. दारात उभी राहून आधी माणसाकडे नीट बघते. मी तिच्याबरोबर जाते. मनांगला आम्ही दोनदा बोलावलं. ती म्हणाली, "मला अभ्यास आहे."

पुढच्या वर्षी मी आणि मारिविक पदवीधर झालो. त्या ऑगस्टमध्ये मी प्रमाणपत्राची नक्कल आणायला रविवारी सकाळी कॉलेजात गेले होते. व्हरांड्यातून जाताना संख्याशास्त्राच्या वर्गात हजेरी चालू होती. मास्तर नवा होता, मनांगच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. विशीची पोरं बसल्या जागेवरून, मोबाईलमधून मान वर न करता 'हजर' म्हणत होती.

"सुमागायसाय."

पहिल्या बाकावरची मनांग तेओ गुडघ्यावर हात टेकून उठली. छप्पन्न वर्षांची होती. इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घातला होता. ती सरळ उभी राहिली, जुन्या शाळांत राहायचे तशी.

"हजर, सर."

"बसूनच सांगा, लोला," मास्तर म्हणाला. लोला म्हणजे आजी. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

मनांगनं मागं वळून एकदाच पाहिलं. खुसखुस थांबली. मग ती बसली, कोरी वही उघडली आणि वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली.