नानांच्या पेढीचं घड्याळ

“काल चालत होता, मग आज काय झाला?” नाना माझ्या खुर्चीमागे उभे राहून ओरडले. “तुका ठेवलंय कित्याक गो?”

देवगडच्या त्या आंब्याच्या पेढीवर दोन सर्व्हर होते. पेट्यांवरच्या लेबलांच्या फायली जुन्या लिनक्सवर, आणि कुणाला आत सोडायचं ते ठरवणारा नवा विंडोजवाला. दोघांचं जुळवून देण्यासाठीच मला घेतलं होतं. काल जुळलंही. आज प्रत्येक पडद्यावर एकच ओळ: प्रवेश नाकारला. बाहेर वाशीचा ट्रक उभा, आणि पेट्या बिनलेबलाच्या.

“ट्रक तसोच गेलो तर उद्यापासून येव नको. देवेश बघीत सगळा.”

देवेश म्हणजे नानांचा पुतण्या. तो दाराला टेकून हसला. “वहिनी, पोरीक पाजूक जाताना वायर-बियर तुडवलात काय?”

शेडमधून माझ्या आनंदीचं रडणं येत होतं. सुभद्राकाकी पेटीत गवत भरता भरता पायाने तिची झोळी हलवत होती. मला पान्हा दाटून आला, तरी उठले नाही. वायर बघितली, पासवर्ड बघितला, परवानग्या बघितल्या. सगळं कालच्यासारखंच. मग लिनक्सने केलेली तक्रार वाचली: दोघांच्या वेळा जुळत नाहीत. विंडोजवाला वीस मिनिटं पुढे होता.

मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

पेढीचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं. ट्रक चुकू नये म्हणून नानांच्या वडिलांनी लावलेली शिस्त. ड्रायव्हरपासून हमालापर्यंत सगळे मनात वीस वजा करतात, त्यामुळे लवकर कुणीच येत नाही. माझा उशीर तेवढा या घड्याळाने धरतात; सोडतात मात्र नानांच्या मनगटावरच्या खऱ्या वेळेने.

“देवेश, नव्या सर्व्हरची वेळ कुणी बदलली?”

“काकान सांगल्यान. सकाळीच भिंतीवरल्या घड्याळाशी जुळवलंय.”

“नाना, वेळ जुळली नाही की जुना सर्व्हर समोरच्याला लबाड समजतो. ती खोटी वेळ मागे घेऊ द्या.”

“माझ्या बापाशीच्या घड्याळाक खोटा म्हणतंस?” नानांनी टेबलावर हात आपटला. “ता मागे होवचा नाय!”

ट्रकने भोंगा दिला. मी वाद सोडला आणि लिनक्सच वीस मिनिटं पुढे ढकलला. फायली उघडल्या. शेडमधला प्रिंटर खडखडायला लागला.

मी उठले तसे नाना भिंतीकडे बघत म्हणाले, “सकाळी परत उशीर केलंस हां.”

“केला. तुमच्या घड्याळाने. आता संध्याकाळी जाईन तीही त्याच घड्याळाने. दोन्ही सर्व्हर तीच वेळ दाखवतायत, बघा हवं तर.”

देवेशचं हसू गेलं. नानांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली ओढलं आणि ट्रकवाल्यावर ओरडायला बाहेर गेले.

मी झोळीतून आनंदीला उचललं. रडून रडून लेक गरम झाली होती. दूध तोंडात गेल्यावरही तिची मूठ बराच वेळ वळलेलीच होती.