लग्नाआधीचा धबधबा

कादारवाती निऱ्या घालायची. नाचणाऱ्या मुलींच्या बाटिकच्या वस्त्राला पुढून ज्या दोन बोटांच्या निऱ्या लागतात, त्या तिच्या हातच्या असल्या की नाच संपेपर्यंत जागच्या हलत नसत. सोलो शहरात हे काम करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण मंगकुनगरान राजवाड्यातल्या नाचाच्या बाई तिलाच बोलावत. दर बुधवारी तिथल्या मोठ्या मंडपात तालीम असे, तेव्हाही ती कापडांचं गाठोडं घेऊन हजर.

पा मार्दिकुन, सगळ्यांचे पा मार्दी, तिला तिथेच भेटले. टपाल कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, त्रेसष्ट वर्षांचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. वाद्यवृंदात सर्वांत मागे टांगलेला भलामोठा गोंग, काशाची जाड थाळी, त्यांच्याकडे असायचा. बाकीचे वादक घामाघूम होईपर्यंत वाजवत, आणि हे मांडी घालून बसलेले. मग नेमक्या क्षणी हात उचलून एकच ठोका देत. "पगार बसायचा घेता की वाजवायचा?" असं केंडांगवाला, म्हणजे ढोलकीवाला, त्यांना दर आठवड्याला विचारायचा आणि ते दर आठवड्याला म्हणायचे, "बसायचा. वाजवतो ते फुकट."

तालीम संपली की दोघं चालत मोठ्या बाजारात जात, तिथे बर्फ घातलेलं दावेत, नारळाच्या दुधातलं गोड सरबत, पीत. ते तिला बू, म्हणजे बाई, म्हणत. असं दीड वर्ष चाललं. एकदा दावेतच्या वाटीत चमचा फिरवता फिरवता पा मार्दी म्हणाले, "बू कादार, एका माणसाचा भात कधी नीट शिजत नाही बघा. खाली करपतो नाहीतर वर कच्चा राहतो."

"पाणी कमी घालत असाल," ती म्हणाली.

"पाणी बरोबर असतं. माणूस कमी पडतो."

तिला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने वाटीतलं सगळं संपवलं, तोंड पुसलं आणि "बघू" म्हणाली. पुढच्या बुधवारी "चालेल" म्हणाली. त्यांच्या मुलीने सेमारांगहून फोनवर आनंद कळवला, पंचांग बघून बेसार महिन्यातला दिवस ठरला, निकाह नोंदणीच्या कचेरीत कागद गेले. सगळं इतकं सुरळीत झालं की कादारवातीला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

खरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. ती घाबरली होती. माणूस वाईट नव्हता, भीती त्याची नव्हतीच. पण नवरा गेल्यावर पहिली दोन वर्षं रडण्यात गेली आणि नंतरची सात वर्षं तिला फार आवडली होती. बालुवार्तीत, शहरातल्या दुसऱ्या, जुन्या राजवाड्याच्या तटाच्या आत, तिचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत भिंतीला दोऱ्या बांधून ती कापडं वाळत घाली, फरशीवर पसरून निऱ्या दाबी, वाटेल तेव्हा जेवी, रेडिओ वाटेल तेवढा मोठा लावी. आता नाही म्हणावं तर का म्हणायचं? इतक्या भल्या माणसाला कुठलं कारण द्यायचं?

लग्नाला तीन आठवडे उरले असताना पा मार्दी म्हणाले, "मी जन्मलो सोलोत, वाढलो सोलोत, आणि तावांगमांगूचा धबधबा अजून पाहिलेला नाही. कचेरीची सहल गेली तेव्हा नेमका तापाने पडलो होतो. शनिवारी जायचं?"

कादारवातीचा दावेतच्या वाटीतला चमचा थांबला. लग्न न झालेली जोडी ग्रोजोगान सेवूला, म्हणजे तावांगमांगूच्या त्याच धबधब्याला, गेली की तुटते, हे सोलोतलं शेंबडं पोरही सांगेल. पा मार्दींना ठाऊक नसणं शक्य नव्हतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण ते बर्फाचा खडा चावत शांत बसले होते.

"जाऊ या," ती म्हणाली.

तिच्या गेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण सुयातिनाह शेजारच्या गल्लीत राहायची. कादारवाती तिला म्बाक्यू म्हणायची, म्हणजे ताई. म्बाक्यूने ऐकलं आणि हातातली भाजीची जुडी खाली ठेवली.

"डोकं फिरलंय का तुझं? तीन आठवडे थांबलीस तर धबधबा पळून जाणार आहे?"

"त्यांची इच्छा आहे."

"त्यांची असेल. तुझी अक्कल कुठे गेली? माझ्या नणंदेच्या मुलीचं काय झालं आठवतं ना? साखरपुडा झालेला. गेले, फोटो काढले, पुढच्या महिन्यात त्याने दुसरीच केली."

"तो आधीपासूनच तसला होता, म्बाक्यू."

"असेल. पण धबधब्याला गेला नसता तर कळलं नसतं."

 कादारवातीच्या मनात नेमकं तेच होतं. तुटायचंच असेल तर धबधब्याने तोडावं. मग तिचा दोष नाही, त्यांचा नाही, गल्लीत कुणाला तोंड लपवायला नको. रात्री तिला स्वतःची लाज वाटली, पण शनिवारी सकाळी ती वेणी घालून, चांगली चप्पल घालून तयार होती.

तीर्तोनादीच्या स्थानकावरून बस मिळाली. पा मार्दींनी तिला खिडकी दिली. रस्ता चढू लागला तशी हवा गार झाली, दोन्हीकडे गाजरांचे आणि कांद्याच्या पातीचे वाफे दिसायला लागले. पा मार्दींनी पिशवीतून लोकरीची टोपी काढून डोक्यावर ओढली. त्या टोपीत ते इतके वेगळे दिसत होते की तिला हसू दाबावं लागलं.

धबधब्याकडे पायऱ्या खाली उतरत जातात. जातानाची मजा येताना वसूल होते, असं तिकीटवाल्याने त्यांच्या वयाकडे बघून सांगितलं. पा मार्दी दर वळणावर कठड्याला टेकून थांबत, दम लागला हे लपवत नसत आणि त्याची कटकटही करत नसत. उंच झाडांतून पाण्याचा आवाज येत होता. एका वळणावर माकडाने कादारवातीच्या हातातली पिशवी ओढली. तिनेही ओढली. "सोड मेल्या, त्यात माझा चष्मा आहे," असं ती त्याला शेजारच्या पोराला दरडावावं तशी दरडावत होती. पा मार्दींनी वाटेत घेतलेल्या कणसाचा तुकडा मोडून लांब फेकला, तसं माकड गेलं.

"मला वाटलं, तुम्ही त्याचं मन वळवाल," ते म्हणाले.

"वळलंच होतं. तुम्ही मध्ये पडलात."

खाली पोचल्यावर दोघंही मान वर करून उभी राहिली. काळ्या कड्यावरून पाणी सरळ खाली येत होतं आणि तुषार अंगावर उडत होते. कादारवातीने आयुष्यात हजारो निऱ्या घातल्या होत्या. तिला वाटलं, एवढं लांब कापड कुणी इतकं सरळ सोडून दाखवावं. चष्म्यावर थेंब जमले तरी तिने तो पुसला नाही.

जवळच एक मुलगा आणि एक मुलगी आळीपाळीने एकमेकांचे फोटो काढत होती. मुलगी येऊन म्हणाली, "बू, तुमचा दोघांचा काढू का?" मग टोपीतल्या पा मार्दींकडे कौतुकाने बघून तिने विचारलं, "किती वर्षं झाली लग्नाला?"

"अजून व्हायचंय," कादारवाती म्हणाली.

मुलीचा चेहरा उतरला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं."

"आम्ही दोन वेगवेगळ्या मोटारसायकलींवरून आलो," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तिकिटंही वेगळी काढली. फोटोतही एकत्र येत नाही. म्हणजे तसे बरोबर आलोच नाही, हो ना?"

"नाहीच आलात," पा मार्दी गंभीरपणे म्हणाले. "मी तर त्याला पाहिलंही नाही."

मुलगी हसली, पण फोटो काढताना तिने त्यांना जरा लांब लांब उभं केलं.

वर चढताना भांडण झालं. सुरुवात साधीच होती. अर्ध्या चढावर बसून दम खाताना पा मार्दी म्हणाले, "जेब्रेसच्या माझ्या घराला रंग दिलाय. तुमची कापडाची कपाटं मागच्या खोलीत बसतील, मी माप घेतलंय."

"कसली कपाटं?"

"तुमचीच. घर हलवताना आणावी लागतील ना."

"घर कोण हलवतंय?"

पा मार्दींनी टोपी काढली. "मला वाटलं, हे ठरलेलंच आहे."

"कुणी ठरवलं? मी आणि तुम्ही बसून कधी ठरवलं? मागची खोली म्हणे. मागच्या खोलीत उजेड असतो का? निऱ्या काय अंधारात चाचपडत घालू?"

"दिवा लावता येईल."

"दिव्याखाली रंग कळत नाहीत, पा. चाळीस वर्षं हे काम करतेय मी. आणि तुम्ही माप घेऊन मोकळे."

तिचा आवाज चढला होता. दोन बायका कणसं खात बाजूने गेल्या आणि मुद्दाम सावकाश गेल्या. पा मार्दी खाली बघत राहिले. कादारवाती उठली आणि एकटीच पायऱ्या चढू लागली. झालं, तिच्या मनात आलं. तासाभरात काम झालं. ज्यासाठी आली होती ते मिळालं. आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून ती वाट बघत चढत राहिली. पण छातीत नुसता राग होता, आणि तोही मोकळं झालेल्या माणसाचा नव्हे, घरच्या माणसाशी भांडताना येतो तसा, ज्याला भांडण पुरं करायचं असतं. पंचवीसएक पायऱ्या चढून तिने मागे पाहिलं. ते अजून तिथेच होते. ती पुन्हा खाली उतरली.

"उठता की नाही?" ती म्हणाली. "गार दगडावर बसून कंबर धरेल."

"गुडघा धरलाय," ते म्हणाले. "नाहीतर मागे आलोच असतो."

ती शेजारी बसली. पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, "मी इथे आले ते हे मोडावं म्हणून. पाण्यानेच मोडावं, मला तोंड उघडावं लागू नये म्हणून."

 पा मार्दींचा चेहरा दुखावल्यासारखा झाला आणि ते तिने पाहिलं. मग ते म्हणाले, "मोडायचंय?"

"नाही. पण माझं घर मला हवंय. त्या खोलीत मी एकटी असते ते मला आवडतं. हे बोलायला मला लाज वाटत होती."

"मला आधी सांगितलं असतंत तर रंगाचा खर्च वाचला असता."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"खरं आहे," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. माझ्या बायकोला मी कधी काही विचारलं नाही. ती हो म्हणायची, मला वाटायचं तिला तेच हवं असतं." गुडघा चोळत ते थांबले. "घर ठेवा तुमचं. सकाळी जा, संध्याकाळी या. आठवड्यात एखाद्या रात्री नाही आलात तरी मी दारात उभा राहणार नाही. आणि कधी मला तिकडे बोलावलंत तर येईन, जमिनीवर झोपेन."

"जमिनीवर कापडं असतात."

"मग खुर्चीत बसेन. बसायची सवय आहे मला."

तिला हसू आलं. तिने त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं आणि म्हणाली, "चला, मास." इतके दिवस ती त्यांना पा म्हणत होती, जसं कुणाही वडीलधाऱ्याला म्हणतात. मास म्हणजे घरचं संबोधन, नवऱ्याला म्हणतात ते. दोघांनीही ते ऐकलं. राहिलेल्या पायऱ्या चढायला त्यांना पाऊण तास लागला. वर पोचल्यावर दोघांनी दोन दोन ताटल्या भरून काडीवर भाजलेलं सशाचं मांस खाल्लं, शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून, आणि म्बाक्यूसाठी स्ट्रॉबेरी घेतल्या.

म्बाक्यूने स्ट्रॉबेरी घेतल्या आणि विचारलं, "मोडलं?"

"भांडलो," कादारवाती म्हणाली.

"मग?"

"मग जेवलो."

म्बाक्यूने नाक मुरडलं, पण लग्नाच्या दिवशी सकाळी सहालाच येऊन पिवळा भात तिनेच केला. निकाहच्या कचेरीत पंधरा माणसं होती. नाचाच्या बाई आल्या, केंडांगवाला आला. कादारवातीच्या वस्त्राच्या निऱ्या नाचाच्या मुलींनी घातल्या होत्या, थोड्या वाकड्या. तिने त्या सोडून पुन्हा घातल्या नाहीत.

ठरल्याप्रमाणेच सगळं चाललं असं नाही. पहिल्या महिन्यात ती चार रात्री आपल्या घरी राहिली, दुसऱ्यात दोन. मास मार्दी कधी संध्याकाळी न सांगता येऊन दारातून विचारत, "काम चाललंय का?" चाललंय म्हटलं तर बाहेरच्या बाकावर बसत, शेजाऱ्यांशी बोलत. सोलोत राहून न पाहिलेल्या जागा पाहायचा नवा नाद दोघांना लागला होता. महिन्यातला एक रविवार त्यासाठी.

असाच एक रविवार चेथोच्या देवळाला गेला. लावू डोंगराच्या कुशीत, ढगांच्या इतक्या जवळ की दगडी दारातून आत शिरणारं धुकं दिसत होतं. पायऱ्या इथेही होत्याच. मास मार्दी वरपर्यंत गेले, प्रत्येक दगडी मूर्तीपुढे थांबले, आणि उतरून केमुनिंगच्या चहाच्या मळ्यापाशी आले तेव्हा बाकावर टेकताच त्यांचा डोळा लागला. चहावालीने दोन पेले आणून ठेवले. समोर उतारभर चहाची रोपं, टोपल्या पाठीला बांधलेल्या बायका घरी निघालेल्या. कादारवातीने आपला चहा प्यायला. मग त्यांचाही गार व्हायला लागला म्हणून तोही प्यायला. शेवटची गाडी यायला अजून अर्धा तास होता. तिने चपला काढल्या, पाय गवतावर ठेवले आणि त्यांना उठवलं नाही.