दोरीची उंची

छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, तरी कुशाबाईचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बारामतीला यंत्राखाली किरणांचा शेक घेताना तो हात डोक्यामागं ठेवून निपचित पडायचं असतं. तसा राहीना, म्हणून डॉक्टरांनी तिला परत पाठवलं होतं. "व्यायाम करा, सोमवारी या. आता फार लांबवता येणार नाही."

आज रविवार होता.

तिच्या नवऱ्यानं, भीमारावांनी, तिला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नव्हता. निमगावच्या घरापुढची कपड्यांची दोरी त्यांनी कमरेइतकी खाली बांधली होती. शेळ्यांनी दोन साड्यांचे पदर चघळले, तरी दोरी तिथंच. कुशाबाई मात्र आठवडाभर न्हाणीत चोरून भिंतीवर बोटं चढवत होती, रोज एक वीट वर.

"दोरी व्हती तितं बांधा," ती म्हणाली.

"टाकं तुटलं म्हंजी?"

"टाकं कवाच काढल्यात. तुमच्या मायेनं हात आखडलाय माझा."

भीमारावांनी दोरी जुन्या खिळ्याला बांधली. ओली साडी घेऊन तिनं हात वर नेला. कानापाशी येताच काखेतून तार ताणल्यागत कळ गेली. ते पुढं धावले.

"मला धरू नगा. शेळ्या हाकला."

साडी दोरीवर पडली. हात तिनं खाली घेतला नाही.

"यंत्राखाली किती येळ ऱ्हावं लागतं?" तिनं विचारलं.

"धा मिनटं."

"मग मोजा."

मोजता मोजता भीमारावांचा आवाज कापायला लागला. दोरीवरचा हात मात्र हलला नव्हता.