कुंताबाईंच्या डब्यातला आकडा

मी लिफाफा बोलतोय. पण मला उजेडासमोर धरणार नसाल तरच. माणसांवर माझा विश्वास नाही. चिकटवलेलं तोंड दिसलं की यांची बोटं शिवशिवायला लागतात.

माझ्या पोटात एका चिठ्ठीवर एकच आकडा होता. पुण्यात नयनने तो लिहिला आणि माझ्या जोडावर सही ठोकली. त्याच्याबरोबर काम करणारी उज्वला प्रोटॉनच्या आत डोकावते. आत क्वार्क असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. प्रोटॉनच्या धावेत, म्हणजे संवेगात, ग्लुऑनचा वाटा शंभरात किती, हे तिला काढायचं होतं. त्यासाठी जागा आणि काळ यांची बारीक चौकटींची जाळी कल्पून मोठा संगणक महिनोन्‌महिने गणित करत बसतो.

प्रयोगवाले सांगतात, वाटा एकेचाळीसच्या आसपास. इथेच खरी गोम आहे. हवं ते उत्तर आलं की माणूस चुका शोधायचं थांबवतो. म्हणून नयनने संगणकातून आलेले आकडे माझ्या पोटातल्या गुप्त आकड्याने गुणून मगच उज्वलाला दिले. तिने सगळं तपासून काम बंद करायचं, मग मला फोडायचं, भागाकार करायचा आणि येईल ते उत्तर छापायचं. त्याआधी तिला आकडा कळला तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

उज्वलाचा स्वतःवरही भरवसा नव्हता. मला ते फार आवडलं. आंजीला, आपल्या गावी, घरी आली तेव्हा तिने मला आईच्या, कुंताबाईंच्या हातात दिलं.

"मी काम झालं म्हणीन तवाच देजो."

"काय आहे यात?"

"काही नाई. तुले नाई समजणार."

पोरगी प्रोटॉन ओळखते, पण आईला ओळखत नाही!

कुंताबाईंनी मला मेथीच्या बियांच्या डब्यात ठेवलं. भाजीच्या वाफ्यांना पाणी देऊन आल्या की डबा उघडून मला चाचपत. मी मनात म्हटलं, ही बाई चोर आहे. उज्वला पुण्याला परतली आणि चौथ्याच दिवशी त्यांनी मला चहाच्या वाफेवर धरलं. चिठ्ठी वाचली, मागूनपुढून पाहिली आणि भाताच्या शितांनी माझं तोंड पुन्हा चिकटवलं. अशी चोरी लपते होय?

महिन्याभराने उज्वला आली. आठवड्याचं काम उरलं होतं, ते ती घरूनच करणार होती. मला नुसतं बघायला तिने डबा उघडला, तर जोडावर वाळलेली शितं.

"आई, तू काऊन फोडलं?"

कुंताबाई रडायलाच लागल्या. "मले वाटलं दवाखान्याचा रिपोर्ट आहे. तुह्या बाबाच्या येळेस बी असंच बंद पाकीट होतं. सगळ्याइले ठाऊक होतं, मलेच कोणी सांगतलं नाई. मंग याच्यात निघालं एक पॉइंट..."

"सांगू नको!" उज्वलाने आईचं तोंडच दाबलं. मग तिला जवळ घेऊन बराच वेळ बसली.

कुंताबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या आंजीला माहीत. आता आकडा लपवायचं माझं काम त्यांच्याकडे गेलं होतं आणि मला त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. पण त्या आठ दिवसांत त्यांनी लेकीपुढे एकही आकडा उच्चारला नाही. किती पोळ्या वाढू, हेही विचारलं नाही; न मोजता वाढत राहिल्या.

आठव्या दिवशी उज्वलाने काम बंद केलं. गुणलेलं उत्तर एकेचाळीस होतं, प्रयोगाशी अगदी जुळणारं. ती म्हणाली, "आता सांग, आई."

"एक पॉइंट एक तीन सात."

मग मला फोडलं. चिठ्ठीत तेच होतं. भागाकार झाला आणि उत्तर आलं छत्तीस. उज्वलाचा चेहरा उतरला.

"मंग थोडं वाढवून टाक ना," कुंताबाई हळूच म्हणाल्या. "कोण पाहून राह्यलं?"

उज्वलाला हसू आलं, डोळे मात्र भरले होते. "म्हणूनच तर लिफाफा केलता, आई." तिने छत्तीसच लिहिलं आणि नयनला पाठवून टाकलं.

आता माझ्या पोटात मेथीचं बी आहे आणि तोंड उघडं. कुंताबाईंना चोर म्हटलं, ते शब्द मी मागे घेतो. तुमच्यावर मात्र माझा संशय कायम आहे, म्हणून एकच मागतो. घरी बंद लिफाफा न्याल तेव्हा आतला आकडा सांगू नका. पण आजार नाही, एवढं तरी आईला सांगा.