टेकडीचे थर

पुठ्ठ्याचा सातवा थर डिंक लावून बसवला आणि टेकडी संपली. मॉडेलवाल्याने वर अंगठा दाबून धरला, मग उचलला. पुढचा थर घ्यायला हात सवयीने टेबलाकडे गेला, पण तिथे चिकटवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मॉडेल सगळ्या शहराचं होतं. नगररचना खात्याने नव्या सभागृहासाठी सांगितलेलं, आणि पुढच्या खोलीत आता चालायलाही जागा नव्हती. एरवी या धंद्यात उंची दुप्पट-तिप्पट धरतात. नाहीतर भलेभले डोंगर चादरीच्या सुरकुत्यांसारखे दिसतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण या खेपेला इंजिनीयर साहेबांनी बजावून ठेवलं होतं, की पावसाचं पाणी कुठून कुठे जातं ते यावर बघायचंय, तेव्हा उंची खरी हवी, फुगवाफुगवी नको.

"राईचा पर्वत न करण्याचेही पैसे मिळतात म्हणजे," बायको म्हणाली.

त्याला हसू आलं नाही. तो टेकडीकडे बघत होता. जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढी भरली होती.

त्याचा धाकटा भाऊ या टेकडीवरून पडून गेला, त्याला वीसेक वर्षं झाली होती. मित्रांबरोबर सकाळी गेला आणि मागच्या कड्यावर पाय घसरला. लोक भेटायला आले, मनापासून हळहळले आणि उठता उठता विचारून गेले, "टेकडीवरून? एवढ्याशा टेकडीवरून?" पोरगं प्यायलेलं असणार, नाहीतर मस्ती नडली असणार, हे कुणी बोललं नाही, पण ते न बोललेलंच घरात मागे राहिलं. तेव्हापासून आईने टेकडी हा शब्द टाकून दिला. ती डोंगर म्हणायची, मग घरात सगळेच डोंगर म्हणू लागले. सून लग्न होऊन आली ती आठवडाभरात शिकली. शाळेच्या पुस्तकात डोंगराला जी उंची लागते तिच्या निम्मीही ही नव्हती, आणि नकाशे वाचून पोट भरणाऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण आईपुढे पुस्तक कोण उघडणार?

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. रोज संध्याकाळी चहा झाला की ती या खोलीत यायची आणि दिवसभराचं काम बोटांनी बघायची. नदी बघून झाली होती, पूल झाला होता, आपली गल्लीही तिने शोधून काढली होती. "डोंगर कधी लावणार?" असं ती रोज विचारायची, आणि तो रोज उद्यावर ढकलायचा. आज तिचं बोट वर चढून एका दमात पलीकडे उतरलं असतं.

डिंक ओला होता तोवर त्याने थर पुन्हा सोडवले आणि प्रत्येकाखाली त्याच मापाचे आणखी दोन-दोन कापून सारले. दुपारपर्यंत टेकडी मुठीपेक्षा उंच झाली. कडा तर अंगावर येत होता.

बायकोने दारातून पाहिलं. "साहेब पट्टी लावून बघतील हं."

"आज आईचं बघून होऊ दे. उद्या काढतो."

तिने आईच्या वाटेतलं स्टूल बाजूला केलं आणि आत गेली.

आई आली. तिची बोटं नदीवरून पुलावर, पुलावरून रस्त्याने निघाली आणि पायथ्याशी थांबली. मग हळूहळू वर चढली. माथ्यावर पोचल्यावर तिने सगळा तळहात वर ठेवला.

"एवढा आहे?"

"हो."

"खरं सांग."

"मॉडेलमध्ये असाच दाखवतात, आई."

"धंद्याच्या गोष्टी गिऱ्हाइकाला सांग." तिने हात काढला नाही. "त्या दिवशी तो मला विचारायला आला होता. मी कपडे वाळत घालत होते. जाऊ का म्हणाला. कुठे म्हटलं, तर म्हणाला टेकडीवर. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही रे. टेकडीवरच ना, म्हटलं, जा."

इतकी वर्षं मॉडेलवाला समजत होता, आईने डोंगर धरला तो लोकांची तोंडं बंद करायला.

"डोंगरावर जातो म्हणाला असता तर चार गोष्टी विचारल्या असत्या," आई म्हणाली. "कोण कोण आहे, पायात काय घातलंयस, कधी येणार. नकोच जाऊ, असंही म्हटलं असतं कदाचित. मग मागाहून आपलं डोंगर म्हणत राहिले. तेवढंच जरा बरं वाटायचं."

"आई, तुझी काय चूक त्यात?"

"ते राहू दे. हे वरचं काढ आधी. जेवढी आहे तेवढीच कर."

"उद्या करतो."

"आत्ता कर. मी आहे इथे."

डिंक आता वाळला होता. त्याने पटाशी घेतली आणि वरच्या थराखाली सारली. मॉडेलखालची फळी हलायला लागली, तशी आईने पदर खोचला आणि ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.