तांदूळ वाढले

झाकण जरा जोर लावून काढा मित्रांनो, गंजामुळे ते अडकतं. हं, आता माझा आवाज नीट येईल. मी एक जुना पत्र्याचा पिपा आहे. दुकानात तेल ज्या चौकोनी डब्यात येतं, त्याला आमच्या यवतमाळकडे पिपा म्हणतात. तेल विकून झालं की माझे बहुतेक भाऊबंद भंगारात जातात. काहींची कुंडी होते. पोटात माती भरून घ्यायची आणि डोक्यावर झेंडू मिरवायचा. मी मात्र धान्याचा पिपा झालो. याचा मला थोडा गर्व आहे, लपवत नाही.

घाटंजीच्या आठवडी बाजारात कौसल्याबाईंनी मला घेतलं. तिथल्याच एका कारागिराकडून त्यांनी माझं तोंड गोल कापून घेतलं आणि त्यावर दाबाचं झाकण बसवून घेतलं. झाकण पहिल्यांदा सैल बसलं, तेव्हा त्या कारागिराच्या पुढ्यात ठाण मांडून बसल्या. "एक मुंगी शिरली, तं पिपा तुह्या डोक्यावर आणून ठेवीन," त्या म्हणाल्या. बिचाऱ्याने निमूटपणे झाकण पुन्हा ठोकून घट्ट केलं.

कौसल्याबाई शेतात मजुरी करायच्या, कपाशी वेचायच्या. माझ्यात कधी तांदूळ असायचे, कधी ज्वारी. काहीही असो, त्यांचे दोन नियम ठरलेले होते. धान्य काढताना तळाशी मूठभर शिल्लक ठेवायचंच, घरची लक्ष्मी उपाशी राहता कामा नये. आणि धान्य सरलं, असं तोंडाने कधी म्हणायचं नाही. दिवा विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तसंच तांदूळ सरले की त्या म्हणायच्या, "तांदूळ वाढले." वाईट शब्द घरात नको, म्हणून चांगला शब्द वापरायचा. पूर्वी हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

पुढे त्यांचा मुलगा मारोती कामासाठी यवतमाळ शहरात आला. नाल्याकाठच्या वस्तीत त्याने टिनाची खोली केली. बायको शीला, लहानगी प्रेरणा, आई आणि मी असे सगळे तिथे राहू लागलो. मारोती इमारतींच्या सेंटरिंगचं काम करायचा, शीला चार घरची धुणीभांडी. घरात नवे स्टीलचे डबे आले आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर बसून प्रेरणा केस विंचरून घ्यायची. शीला एकदा म्हणालीसुद्धा, "आई, हे जुनं धूड भंगारवाल्याले देऊन टाका ना." कौसल्याबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तांदूळ माझ्यातच ठेवत राहिल्या.

मग त्या पावसाळ्यात नाला फुटला. भल्या सकाळी पाणी वस्तीत घुसलं आणि बघता बघता कमरेपर्यंत चढलं. अंथरुणं गेली, चूल गेली, नवे स्टीलचे डबे झाकणं उघडून चिखल प्यायले. शीलाचा मोबाईल पाण्यात बंद पडला. मी मात्र तरंगलो! भिंतींना धडका खात, खोलीभर गोल फिरत मी तरंगत राहिलो. पाणी ओसरल्यावर कौसल्याबाईंनी माझं झाकण काढलं. तांदळाचा एक दाणाही भिजला नव्हता. "पाह्यलं का माहं लेकरू!" म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते.

पण माझ्यात तांदूळ होते ते थोडेच. मारोती दूर चंद्रपूरकडे कामावर गेलेला, रस्ते बंद, त्याचा नंबर त्या भिजलेल्या मोबाईलमध्ये अडकलेला. रेशनकार्ड गावाकडेच राहिलं होतं. त्यात शीलाला ताप भरला. कामावरच्या घरांनी तर 'वस्तीत रोगराई आहे, सध्या येऊ नको' असा निरोप धाडलाच होता. घर चालवायला उरल्या एकट्या कौसल्याबाई. त्या पसाभर तांदळाची पातळ पेज करायच्या, शीलाला आणि प्रेरणाला द्यायच्या.

"आजी, तू नाई जेवत?" प्रेरणा विचारायची.

"मी मघाच जेवली ना माय. तू झोपून होती."

कधी जेवल्या? कशातून? तांदूळ माझ्यातूनच निघत होते, मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? पण मला तोंड असलं तरी जीभ नाही.

असे काही दिवस गेले आणि मी तळाला लागलो. नियमाची मूठ तेवढी उरली. नेमकी त्याच सकाळी वस्तीत मदत आली. शहरातल्या कॉलेजच्या काही मुलामुलींनी टेम्पो भरून धान्य आणलं होतं. आमच्या दाराशी अर्पिता नावाची मुलगी आली. चांगली मुलगी होती, मित्रांनो, हे आधीच सांगतो. गुडघ्यापर्यंत चिखल, घसा बसलेला, तरी प्रत्येक दारात हसून बोलत होती.

"आजी, घरात तांदूळ, पीठ आहे का?" तिने विचारलं.

कौसल्याबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. हात पसरायची सवय नाही, पण विचारलं आहे तर खोटं कशाला बोलायचं? त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "तांदूळ वाढले, माय. पीठबी वाढलं."

"वाढले? म्हणजे तुमच्याकडे आलंय आधीच. बरं झालं आजी!" अर्पिता म्हणाली. "टेम्पोत थोडंच राहिलंय. मग आधी पुढच्यांना देते."

'आधी' एवढाच शब्द कौसल्याबाईंनी धरला. त्यांना वाटलं, आपलं ऐकून घेतलं, आता पुढच्यांना देऊन पोरगी आपल्याकडे येईल. अर्पिताला वाटलं, या घरी कुणीतरी आधीच धान्य देऊन गेलं. मी दारापासून चार हातांवर होतो. भरलेल्या पिप्याला टिचकी मारली तर दबका आवाज येतो, रिकामा पिपा टणटण वाजतो. एक टिचकी, पोरी, एकच! पण ती पुढच्या दारात गेली.

कौसल्याबाई दिवसभर उंबऱ्यात बसून राहिल्या. आदल्या रात्रीची पेज पाणी घालघालून त्यांनी शीलाला आणि प्रेरणाला पुरवली. शेजारच्या विमलताईंच्या घरातून फोडणीचा वास येत होता. त्यांच्याकडे मागायला काय हरकत होती? विमलताईंनी नक्की दिलं असतं. पण त्यांनी अर्पिताला आमच्या दारात उभी पाहिली होती, त्यामुळे यांनाही मिळालं असं त्या धरून चालल्या. आणि कौसल्याबाई? "बिचारीले आज भेटलं, तिच्या तोंडचा घास कायले घ्या?" एवढंच त्या शीलाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की बसस्टँडकडच्या एका मंगल कार्यालयात पूरग्रस्तांना शिजवलेलं अन्न मिळतं. पोटात काही नसताना त्या विचारत विचारत निघाल्या. एकाने जुन्या जागेचा पत्ता सांगितला, तिथे कुलूप. दुसऱ्याने उलट्या दिशेला पाठवलं. खऱ्या जागी पोचल्या तेव्हा मोठी भांडी पालथी घालून धुणं चाललं होतं.

"संपलं आजी, उद्या लवकर या," तिथला माणूस म्हणाला.

घरी येऊन हे सांगताना त्यांना उपाशी परतल्याचं नाही, त्या शब्दाचं वाईट वाटत होतं. "अन्नाच्या जागी उभा राहून संपलं म्हणते, शीला. असं बोलतात का?"

शीला तापात होती. तरी तिने उठून माझं झाकण धरलं. "आई, हे मूठभर तरी शिजवा. तुम्ही खा."

"नाई. तेवढं राहू दे. पिपा रिता करत नसतात."

त्या मुठीवर मला तेव्हा फार राग आला. धान्य सांभाळायला माझा जन्म; पण ते कौसल्याबाईंच्याच पोटापासून सांभाळायचं होतं का?

सकाळी लवकर जेवण मिळवायचं म्हणून त्या निघाल्या आणि हातपंपापाशीच कोसळल्या. विमलताई धावल्या, ऑटो आणला. दवाखान्यात पोचायच्या आधीच कौसल्याबाई गेल्या.

विमलताईंनी मारोतीच्या ठेकेदाराला शोधून काढलं, त्याच्याकडून मारोतीला निरोप गेला आणि तो कसाबसा येऊन पोचला. पिंडाला तांदूळ हवे होते. विमलताई डोळे पुसत माझ्याजवळ आल्या, झाकण काढलं आणि भरल्या पिप्यात घालावा तसा हात घातला. त्यांचा हात खाली, आणखी खाली गेला. बोटं पत्र्याला घासली. तिथली मूठ त्यांनी वर काढली आणि ती तशीच धरून त्या मटकन खाली बसल्या.

"शीला, एवढेच? मंग तुम्ही खात काय होते?"

जी मूठ कौसल्याबाईंनी जिवंतपणी खाल्ली नाही, तिचा पिंड झाला.

चार दिवसांनी अर्पिता पुन्हा वस्तीत आली. विमलताईंनी तिला दारातच गाठलं. "आमची बुढी भुकेनं गेली. तू तं दारात उभी होती!"

"पण त्या स्वतः म्हणाल्या, तांदूळ वाढले..." अर्पिता गोंधळली.

"अवं माय, वाढले म्हंजे सरले! घरात सरले म्हणत नसते कोणी. तुह्या आजीनं नाई सांगतलं तुले?"

अर्पिता आत आली, माझ्यासमोर बसली आणि माझं झाकण काढून कितीतरी वेळ आत बघत राहिली. रडताना तिचं कपाळ माझ्या कडेला लागलं. मी टणटण वाजलो. त्याच संध्याकाळी तिने मला काठोकाठ भरलं. इतका भरलेला मी आयुष्यात कधीच नव्हतो, आणि इतका नकोसाही मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

आता मी कोपऱ्यात नाही, चुलीजवळ असतो. मला भंगारात द्यायचं कुणी नाव काढत नाही. शीला तळाची मूठ ठेवत नाही, पोरीला शिजवून घालते. आणि दाण्याची चणचण झाली की दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "तांदूळ सरले."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मदत घेऊन कुणाच्या दारात जाल. जरूर जा. पण उंबऱ्याबाहेरून विचारून परत फिरू नका. आत या. कोपऱ्यात माझ्यासारखा एखादा पिपा असेल, त्याचं झाकण उघडून बघा. ते घट्ट असेल, कारण घरच्या बाईने ते तसंच करून घेतलेलं असतं. तुम्ही थोडा जोर लावा.