शनिवारचा फोन

इल्दारने केबल फोनमध्ये खोचली, दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटेपर्यंत श्वास रोखून बसला.

"मेला की आहे?" स्वयंपाकघराच्या दारातून फन्झिल्याआपांनी विचारलं. हातात पाच सुयांवर चढवलेला लोकरीचा अर्धा मोजा होता.

"अपडेट चाललंय, आई."

"म्हणजे कळायचंय अजून."

त्या आत गेल्या. इल्दार हसला. सासूच्या तोंडी लागू नये, हे शहाणपण त्याला लग्नाआधीच त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं.

फोन जुना होता. बनला होता अँड्रॉइडसाठी, पण इल्दारने ते काढून त्यात विंडोज घातलं होतं. कशासाठी, याचं पटेल असं उत्तर त्याला आजवर देता आलं नव्हतं. जगात असे वेडे बरेच होते आणि ते इंटरनेटवरच्या एका मंचावर भेटत. स्पर्श, आवाज, बॅटरी, फोनचा एकेक अवयव विंडोजला ओळखता यावा म्हणून वेगळा ड्रायव्हर लागतो. अशा बाटलेल्या फोनसाठी तो कुठलीच कंपनी करत नाही, म्हणून हे लोक आपसांत रचून एकमेकांना देतात. गेल्या हिवाळ्यातल्या ड्रायव्हरने पडद्याची उजवी-डावी बाजू उलटी केली. डावीकडे बोट लावलं की उजवीकडचं उघडायचं. दुरुस्ती येईपर्यंत इल्दारला त्याची इतकी सवय झाली की, तो घरातल्या दिव्याची बटणंही चुकीच्या बाजूला चाचपू लागला. फन्झिल्याआपांना ते टोमण्यांसाठी पुढे कितीतरी दिवस पुरलं.

एरवी त्यांचं म्हणणं एकच असे. "फोन आहे ना जावईबापू? मग एक फोन लावून दाखवा."

तेवढंच त्या फोनला जमत नव्हतं. त्यावर सिनेमा दिसे, हिशेब होत, टीव्हीला जोडला तर पुरा संगणक होई. फोन मात्र लागत नसे. आज सकाळी इझेव्स्कच्या एका पठ्ठ्याने नवं फर्मवेअर, म्हणजे फोनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, आणि ड्रायव्हरचा संच मंचावर टाकला होता. खाली लिहिलं होतं, "कॉल लागायला हवा. देव जाणे."

आजच दुसरंही एक उरकायचं होतं. लग्न झाल्यापासून इल्दार आणि गुलशात फन्झिल्याआपांच्या या दोन खोल्यांत राहत होते. गेल्या आठवड्यात त्यांनी चेल्नी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक घर पाहिलं आणि मालकाला आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. गुलशात म्हणाली होती, "तू म्हणशील तसं." आणि फन्झिल्याआपांनी एवढंच विचारलं होतं, "स्वयंपाकघर मोठं आहे का?" इल्दारने त्याचा अर्थ घेतला की, म्हातारीला आपली खोली मोकळी हवी आहे. त्याला वाईट वाटलं होतं. या घरात त्याचा जीव रमला होता, पण कुणाच्या उंबऱ्यात किती दिवस बसायचं?

फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला. कोपऱ्यात सिग्नलच्या रेघा उभ्या राहिल्या. त्याने त्यात एक जास्तीचं सिम घातलं होतं, ज्याचा नंबर घरात कुणाकडे नव्हता. त्याने फन्झिल्याआपांचा नंबर लावला.

भिंतीपलीकडे रिंग वाजली.

"हॅलो?" आवाज कानात आला, अगदी स्वच्छ. इल्दार खुर्चीतून अर्धा उठला.

"आई, मी बोलतोय."

"हॅलो? कोण?"

"आई, मी. इल्दार," तो मोठ्याने म्हणाला. काही उपयोग नव्हता. माईक जागा झालाच नव्हता.

पलीकडे सुया थांबल्या. मग स्वयंपाकघराचं दार लोटल्याचा आवाज झाला.

"रझिया, तू का गं? पुन्हा त्या दुकानदाराच्या फोनवरून? तुझं काही ऐकू येत नाही. जाऊ दे, मीच बोलते."

रझिया म्हणजे त्यांची गावाकडची बहीण. त्या दोघींचं बोलणं नेहमी असंच, एकीने बोलायचं आणि दुसरीने ऐकायचं.

"इथे काय, चालले दोघं. आज कळवायचंय म्हणे. मी काय बोलणार? तरुण माणसं, त्यांना त्यांचं घर हवंच. अडवलं तर म्हणतील, म्हातारी गळ्यात पडली." सुया एकमेकींवर वाजल्या. "पोरगा सुट्टीभर त्या डबड्याशी झटत असतो. त्याची खुडबुड ऐकू आली नाही तर माझे टाके चुकतात. इतके टोमणे मारते, पण एकदा चिडला नाही. उद्यापासून काय भिंतीला मारू? राहा म्हणावंसं वाटतं गं फार. जिभेला सवय नाही त्याची."

फोन ठेवायला हवा होता, हे इल्दारला कळत होतं. अंगठा लाल बटणाच्या वर होता आणि तिथेच राहिला.

"चल, ठेवते. दूध उतू जाईल."

इल्दारने फोन टेबलावर ठेवला. मग मंचाच्या रिवाजाप्रमाणे त्याने निकाल लिहिला. "कॉल लागतो. समोरचं ऐकू येतं. आपलं बोलणं पोचत नाही."

इझेव्स्कहून लगेच उत्तर आलं. "माईकचं बघतो. आजच देतो."

"घाई नाही," इल्दारने लिहिलं.

औषधाच्या दुकानातून गुलशात घरी आली तेव्हा तिच्या कॉलरवर बर्फ होता. तिघं चहाला बसली.

"लागला का जावईबापू?"

"अर्धाच," इल्दार म्हणाला. मग बशीकडे बघत त्याने विचारलं, "रझियामावशी बऱ्या आहेत ना? मघाशी भिंतीतून ऐकलं, फोन आला होता."

"मावशीचा? आज?" गुलशात हसली. "शनिवारी ती अंघोळीचा हमाम तापवत असते. घर पेटलं तरी फोनला हात लावायची नाही. हो की नाही गं आई?"

फन्झिल्याआपांनी तिच्या चहात दूध ओतलं.

"मग दुसरं कुणी असेल. बोलत नव्हतं बिचारं. ऐकत मात्र होतं."

इल्दारचे कान तापले. त्याने खिशातून दुसरा फोन काढला, ज्यावरून बोलता येतं तो, आणि मालकाचा नंबर शोधला.

"काय कळवतोस?" गुलशातने विचारलं.

"तिथलं स्वयंपाकघर लहान आहे," इल्दार म्हणाला.

फन्झिल्याआपांनी मोजा उचलला आणि टाके पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.